घरगुती राउटरच्या फायरवॉलमधून मार्गशोध : ट्रेसरूटच्या उत्तरांचा अन्वयार्थ आणि दोषनिदानाची पद्धती

सारांश :

संगणकापासून दूरच्या सर्व्हरपर्यंत माहितीची पॅकेटे कोणकोणत्या टप्प्यांनी जातात, हे पाहण्यासाठी ट्रेसरूट या साधनाचा उपयोग केला जातो. घरगुती राउटरमागील संगणकावरून हे साधन चालविले असता अनेकदा पहिल्या टप्प्यानंतर केवळ तारका दिसू लागतात आणि सेवापुरवठादाराचे जाळे बंद पडले आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रस्तुत लेखात ट्रेसरूटचे कार्यतत्त्व, घरगुती राउटरमधील पत्तारूपांतर व फायरवॉल यांचा त्यावर होणारा परिणाम, उत्तरांतील ठराविक आकृतिबंधांचा अर्थ आणि दोष नेमका कोठे आहे हे ठरविण्याची क्रमवार पद्धती यांचे विवेचन केले आहे. उत्तर न मिळणे आणि मार्ग नसणे या दोन भिन्न बाबी आहेत, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

सूचक शब्द : ट्रेसरूट, आयसीएमपी, टीटीएल, पत्तारूपांतर, फायरवॉल, घरगुती राउटर.

प्रस्तावना :

२०२० च्या टाळेबंदीनंतर महाविद्यालयीन अध्यापकाच्या घरातील इंटरनेट जोडणी हा त्याच्या व्यवसायाचा भाग बनला. ऑनलाइन तास, चर्चासत्रे, गुणांची नोंद, संशोधन नियतकालिकांचे वाचन या सर्व गोष्टी घरातील एका छोट्या राउटरमधून होऊ लागल्या. जोडणी मंदावली किंवा एखादे संकेतस्थळ उघडेनासे झाले की संगणकशास्त्राचा सहकारी ‘ट्रेसरूट करून पाहा’ असे सुचवितो. आज्ञा दिली जाते. पहिल्या ओळीत घरच्या राउटरचा पत्ता उमटतो आणि त्यापुढे तिसाव्या ओळीपर्यंत तारकाच तारका दिसतात. यावरून ‘राउटरच्या पुढे काहीच जात नाही’ असे अनुमान केले जाते. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत मात्र वृत्तपत्राचे पान सुरळीत उघडलेले असते.

ही विसंगती बहुधा दुर्लक्षिली जाते. परिणामी तक्रार चुकीच्या ठिकाणी केली जाते, चांगला राउटर बदलला जातो किंवा संरक्षणासाठी असलेली फायरवॉल पूर्णपणे बंद केली जाते. हे तिन्ही उपाय खर्चिक आहेत आणि तिसरा धोक्याचाही आहे. यास्तव ट्रेसरूटचे उत्तर कसे तयार होते आणि ते कोठे अडते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

१. मार्गशोधाचे तत्त्व :

इंटरनेटवरील माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने प्रवास करते. प्रत्येक पॅकेटाच्या शीर्षभागात पाठविणाऱ्याचा व स्वीकारणाऱ्याचा पत्ता असतो. त्याचबरोबर ‘टाइम टू लिव्ह’ अर्थात टीटीएल नावाचा आठ बिटांचा एक आकडा असतो. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९१ या मानकात हा आकडा सेकंदांत मोजावा असे म्हटले होते. मात्र पॅकेट हाताळणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने तो किमान एकाने कमी करावा, असाही नियम तेथेच होता. व्यवहारात तो टप्पे मोजण्याचा आकडा ठरला. त्याचे कमाल मूल्य २५५ आहे. वाट चुकलेले पॅकेट जाळ्यात अनंतकाळ फिरत राहू नये, हा त्याचा मूळ हेतू होय.

टीटीएल शून्यावर आला की राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि पाठविणाऱ्याला ‘कालमर्यादा संपली’ असा संदेश परत पाठवितो. हा संदेश आयसीएमपी या नियंत्रण-संदेशांच्या नियमावलीत येतो. आरएफसी ७९१ सोबतच प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९२ मध्ये त्याला प्रकार ११ असा क्रमांक दिलेला आहे.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काम करणारे व्हॅन जेकबसन यांनी या नियमाचा कल्पक उपयोग केला. स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून त्यांनी लिहिलेली ट्रेसरूट ही प्रणाली डिसेंबर १९८८ मध्ये प्रसृत झाली. या प्रणालीत आधी टीटीएल १ असलेले पॅकेट पाठविले जाते. ते पहिल्याच राउटरपाशी संपते आणि तो राउटर कालमर्यादेचा संदेश धाडतो. त्या संदेशावर प्रेषक म्हणून राउटरचा स्वतःचा पत्ता असल्याने पहिला टप्पा कळतो. नंतर टीटीएल २, मग ३ अशी वाढ केली जाते. प्रत्येक टप्प्यासाठी सर्वसाधारणपणे तीन शोधपॅकेटे पाठविली जातात. म्हणून प्रत्येक ओळीत तीन वेळा दिसतात. ठराविक काळात उत्तर आले नाही तर वेळेच्या जागी तारका छापली जाते.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मार्गावरील यंत्रणा आपला नकाशा ट्रेसरूटला देत नाहीत. पॅकेटे मुद्दाम मरू देऊन, त्यांच्या मृत्यूची जी वार्ता परत येते तिच्यावरून मार्गाचे अनुमान केले जाते. वार्ता पोहोचली नाही तर अनुमान थांबते. मार्ग थांबतोच असे नाही.

२. शोधपॅकेटांचे तीन प्रकार :

ट्रेसरूट हे नाव एक असले तरी वेगवेगळ्या संगणकप्रणालींत ते वेगवेगळी शोधपॅकेटे पाठविते. घरगुती राउटरच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरतो.

(अ) यूडीपी : जेकबसन यांच्या मूळ प्रणालीत यूडीपी पॅकेटे वापरली जात. लिनक्स व मॅक संगणकांवर आजही तीच मूळ निवड असते. पॅकेट ३३४३४ या पोर्टवर पाठविले जाते आणि दर पॅकेटागणिक पोर्टचा क्रमांक एकाने वाढविला जातो. ३० टप्पे आणि दर टप्प्याला तीन पॅकेटे धरली तर ३३४३४ ते ३३५२३ एवढी व्याप्ती होते. या पोर्टवर सहसा कोणतीही सेवा चालू नसते. त्यामुळे अंतिम संगणक ‘पोर्ट अनुपलब्ध’ असा आयसीएमपी संदेश (प्रकार ३, उपप्रकार ३) पाठवितो आणि गंतव्य आल्याचे समजते.

(आ) आयसीएमपी : विंडोज प्रणालीतील ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा पिंगप्रमाणेच प्रतिध्वनी-विनंती (प्रकार ८) पाठविते. अंतिम संगणक प्रतिध्वनी-उत्तर (प्रकार ०) देतो.

(इ) टीसीपी : जोडणी सुरू करण्याची विनंती असलेले ‘सिन’ पॅकेट, बहुधा वेबसाठीच्या ८० किंवा ४४३ या पोर्टवर, पाठविले जाते. वेबसेवा चालू असेल तर जोडणी मान्य केल्याचे ‘सिन-ॲक’ हे उत्तर येते. लिनक्सवरील आधुनिक ट्रेसरूटमध्ये हा पर्याय उपलब्ध आहे.

तिन्ही प्रकारांत मधल्या टप्प्यांकडून येणारे उत्तर एकच असते, ते म्हणजे कालमर्यादेचा संदेश. अंतिम टप्प्याचे उत्तर मात्र तीन वेगळ्या स्वरूपांचे असते. निदानाची किल्ली या भेदात आहे. तिचा उपयोग पुढे केला आहे.

३. घरगुती राउटरची भूमिका :

घरातील राउटर किमान तीन कामे एकाच वेळी करतो. पहिले काम पॅकेटे पुढे धाडण्याचे. या नात्याने तो स्वतः मार्गातील पहिला टप्पा असतो.

दुसरे काम पत्तारूपांतराचे, ज्याला ‘नॅट’ म्हणतात. मे १९९४ मधील आरएफसी १६३१ मध्ये त्याचे वर्णन आढळते. घरातील संगणकांना १९२.१६८ ने सुरू होणारे किंवा तत्सम खासगी पत्ते दिलेले असतात. हे पत्ते फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१८ अन्वये खासगी वापरासाठी राखीव आहेत व ते सार्वजनिक जाळ्यात चालत नाहीत. म्हणून बाहेर जाणाऱ्या पॅकेटावरील खासगी पत्ता व पोर्ट पुसून राउटर आपला सार्वजनिक पत्ता व एक पोर्ट लिहितो आणि ही नोंद तक्त्यात ठेवतो. उत्तर आले की तक्ता पाहून ते योग्य संगणकाकडे पोहोचविले जाते. आयसीएमपी प्रतिध्वनीत पोर्ट नसतो. तेथे सोळा बिटांचा ओळखक्रमांक पोर्टची जागा घेतो.

तिसरे काम फायरवॉलचे. आतून सुरू झालेल्या संवादाची उत्तरे आत घ्यायची आणि बाहेरून आपणहून आलेले काहीही अडवायचे, हा तिचा साधा नियम असतो.

ट्रेसरूटची अडचण या साध्या नियमातच आहे. संगणकाने पॅकेट पाठविलेले असते दूरच्या सर्व्हरच्या नावे. कालमर्यादेचा संदेश मात्र येतो तो मधल्या राउटरकडून, ज्याच्याशी संगणकाने कधीही संवाद केलेला नसतो. केवळ पाकिटावरील प्रेषकाचा पत्ता पाहणाऱ्या फायरवॉलला हा संदेश परक्याचा वाटतो आणि ती तो टाकून देते.

तो परका नाही याचा पुरावा संदेशाच्या आत असतो. आरएफसी ७९२ नुसार कालमर्यादेच्या संदेशात मूळ पॅकेटाचे शीर्ष आणि त्यापुढील ६४ बिट, म्हणजे ८ बाइट, उद्धृत करावे लागतात. यूडीपीच्या बाबतीत या ८ बाइटांत दोन्ही पोर्ट-क्रमांक येतात. फायरवॉलने संदेश उघडून हे अवतरण वाचले आणि आपल्या तक्त्याशी ताडून पाहिले, तर हा आपल्याच घरातून गेलेल्या पॅकेटाविषयीचा निरोप आहे हे तिला कळते. लिनक्समध्ये जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीपासून असलेल्या नेटफिल्टर यंत्रणेत अशा संदेशांसाठी ‘संबंधित’ असा स्वतंत्र वर्ग आहे. अनेक घरगुती राउटर लिनक्सवर आधारलेले असल्याने त्यांच्यात ही क्षमता असते. तथापि नियमावलीत या वर्गाला परवानगी दिलेली नसेल, तर क्षमता असूनही संदेश अडतो.

एवढ्यानेही काम पूर्ण होत नाही. संदेश आत पाठविताना राउटरला बाहेरच्या पाकिटावरील पत्ता बदलावा लागतो, तसाच आतील अवतरणातील पत्ता व पोर्टही मूळ खासगी रूपात आणावा लागतो. तसे न झाल्यास संगणकाला तो निरोप कोणत्या शोधपॅकेटाविषयी आहे हे ओळखता येत नाही. निरोप दारापर्यंत येऊनही पडद्यावर तारकाच उमटते. नॅट यंत्रणांनी आयसीएमपी कसे हाताळावे याची अपेक्षा एप्रिल २००९ मधील आरएफसी ५५०८ मध्ये नोंदविलेली आहे.

४. उत्तरांतील आकृतिबंध व त्यांचे अर्थ :

(१) पहिला टप्पा तारका, पुढचे सर्व टप्पे व्यवस्थित : घरचा राउटर पॅकेटे पुढे पाठवीत आहे. केवळ स्वतःविषयीचा कालमर्यादेचा संदेश देण्यास तो नकार देतो. यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

(२) पहिला टप्पा व्यवस्थित, पुढे सर्व तारका, पण वेब चालू : घरच्या फायरवॉलवर किंवा पत्तारूपांतरावर संशय घेण्यास जागा आहे. पहिला टप्पा दिसतो, कारण ते उत्तर घराच्या आतच तयार होते व त्याला फायरवॉल ओलांडावी लागत नाही.

(३) पहिला टप्पा व्यवस्थित, पुढे सर्व तारका आणि वेबही बंद : येथे जोडणीच तुटलेली असण्याची शक्यता अधिक असते. प्रथम राउटरला सार्वजनिक बाजूचा पत्ता मिळाला आहे की नाही, हे पाहावे.

(४) मधले टप्पे दिसतात, शेवटी तारका : मार्ग चांगला आहे. अंतिम सर्व्हर किंवा त्याच्या पुढ्यातील फायरवॉल त्या प्रकारच्या शोधपॅकेटाला उत्तर देत नाही. यूडीपीच्या वरच्या पोर्टबाबत हे वारंवार घडते. प्रकार बदलून पाहिल्यास बहुधा उलगडा होतो.

(५) मध्येच एखाद-दुसरी तारका, पुढचे टप्पे व्यवस्थित : तो राउटर मौन पाळतो किंवा अशा उत्तरांची संख्या मर्यादित ठेवतो. पुढचे टप्पे दिसत असतील तर तारकेचा टप्पा पॅकेटे पुढे नेत आहे, हे त्यातच सिद्ध होते.

(६) एखाद्या टप्प्यावर वेळ अकस्मात वाढते व पुढच्या टप्प्यावर पुन्हा कमी होते : हा विलंब मार्गाचा नव्हे. मोठे राउटर पॅकेटे पुढे धाडण्याचे काम खास यंत्रभागाकडून करवून घेतात आणि आयसीएमपी संदेश तयार करण्याचे काम मुख्य प्रक्रियकाकडे, कमी अग्रक्रमाने सोपवितात. विलंब शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकून राहिला तरच त्याची दखल घ्यावी.

(७) दुसऱ्या टप्प्यावर १०० ने सुरू होणारा पत्ता : १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते एप्रिल २०१२ मधील आरएफसी ६५९८ अन्वये सेवापुरवठादाराच्या पातळीवरील पत्तारूपांतरासाठी राखीव आहेत. अशा जोडणीत पत्तारूपांतर दोनदा होते, एकदा घरी आणि एकदा पुरवठादाराकडे. त्यामुळे संदेश कोठे अडला हे ठरविताना दोन्ही जागा विचारात घ्याव्या लागतात.

(८) एकाच क्रमांकावर दोन-तीन वेगळे पत्ते : भारविभागणीमुळे तीन शोधपॅकेटे भिन्न वाटांनी गेलेली असतात. यूडीपी प्रकारात पोर्ट बदलत असल्याने हे अधिक आढळते. या दोषावर उपाय म्हणून २००६ मध्ये पॅरिस ट्रेसरूट ही पद्धती मांडण्यात आली. तीत एका प्रवाहाची ओळख कायम ठेवली जाते.

५. दोषनिदानाची क्रमवार पद्धती :

पहिली पायरी : नावाचा प्रश्न वेगळा करणे. ट्रेसरूट प्रत्येक पत्त्याचे नाव शोधण्याचा प्रयत्न करते. नामसेवा मंद असेल तर मार्गच मंद असल्याचा भास होतो. केवळ अंक दाखविण्याचा पर्याय (ट्रेसर्टमध्ये उणे चिन्हासह ‘डी’, ट्रेसरूटमध्ये उणे चिन्हासह ‘एन’) वापरावा. तारकांची संख्या मोठी असल्यास धीर धरावा लागतो. ट्रेसर्ट प्रत्येक उत्तराची ४ सेकंद वाट पाहते. त्यामुळे तिसांपैकी तिसही टप्पे मौन असल्यास ६ मिनिटे लागतात.

दुसरी पायरी : शोधपॅकेटांचे प्रकार बदलून तुलना करणे. एकाच गंतव्याकडे आयसीएमपी, यूडीपी व टीसीपी असे तीन मार्गशोध घेऊन त्यांची उत्तरे शेजारी शेजारी मांडावीत.

तिसरी पायरी : संगणक निर्दोष आहे का ते पाहणे. विंडोज एक्सपीच्या ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सेवासंचापासून संगणकावरील फायरवॉल मुळातच चालू असते. शिवाय अनेकांनी स्वतंत्र सुरक्षाप्रणाली बसविलेली असते. तोच संगणक भ्रमणध्वनीच्या हॉटस्पॉटला जोडून मार्गशोध घ्यावा. तेथे मधले टप्पे दिसू लागले तर संगणक दोषमुक्त ठरतो. मात्र हॉटस्पॉटचा मार्ग वेगळा असल्याने घरच्या जोडणीविषयी यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी : पॅकेटांचे प्रत्यक्ष निरीक्षण करणे. वायरशार्क किंवा टीसीपीडम्प या प्रणालींनी संगणकाच्या जाळेपत्रकावर येणारी पॅकेटे पाहता येतात. प्रकार ११ चे संदेश येथे दिसत असूनही ट्रेसरूटमध्ये तारका असेल, तर संदेश संगणकापर्यंत पोहोचलेला आहे. दोष संगणकावरील फायरवॉलचा किंवा चुकीच्या पत्तारूपांतराचा आहे. संदेश येथे दिसतच नसेल, तर तो राउटरपाशी किंवा त्याच्या बाहेर अडला आहे. ओपनडब्ल्यूआरटीसारखी मुक्त प्रणाली असलेल्या राउटरवर बाहेरच्या व आतल्या दोन्ही बाजूंस निरीक्षण करता येते. बाहेरच्या बाजूस आलेला संदेश आतल्या बाजूस निघत नसेल, तर राउटरचा दोष निर्विवाद ठरतो.

पाचवी पायरी : एका वेळी एकच बदल करणे. राउटरच्या व्यवस्थापन पानावर ‘बाहेरील पिंगला उत्तर देऊ नये’ आणि ‘सर्व आयसीएमपी अडवावे’ अशा अर्थाचे पर्याय आढळतात. यांतील पहिला बाहेरून राउटरकडे येणाऱ्या विनंत्यांपुरता असतो. तो चालू ठेवल्याने आतून केलेल्या मार्गशोधास बाधा येण्याचे कारण नाही. दुसरा पर्याय मात्र कालमर्यादेचे संदेशही गिळतो. एक पर्याय बदलावा, मार्गशोध घ्यावा, निष्पत्ती लिहून ठेवावी आणि मगच पुढचा बदल करावा. पर्यायांनी काम होत नसेल तर राउटरची अंतर्गत प्रणाली निर्मात्याने दिलेल्या नव्या आवृत्तीने अद्ययावत करावी. संपूर्ण फायरवॉल बंद करणे हा निदानाचा मार्ग नव्हे.

६. एक नमुना-उदाहरण :

वरील पद्धती स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असून ज्या सर्व्हरपर्यंत मार्ग शोधायचा आहे, तो नवव्या टप्प्यावर आहे. त्याचा पत्ता २०३.०.११३.२० असा मानू. (हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातील आहे.) सर्व्हरवर वेबसेवा चालू आहे आणि तो पिंगला उत्तर देतो. संगणकावरून तीन मार्गशोध घेतले असता पुढील उत्तरे मिळतात.

यूडीपी : पहिला टप्पा दिसतो, दुसऱ्यापासून तिसाव्यापर्यंत तारका.
आयसीएमपी : पहिला टप्पा दिसतो, दुसरा ते आठवा तारका, नववा टप्पा दिसतो.
टीसीपी : पहिला टप्पा दिसतो, दुसरा ते आठवा तारका, नववा टप्पा दिसतो.

केवळ यूडीपीचे उत्तर पाहणारा ‘घराबाहेर काहीच जात नाही’ असे म्हणेल. केवळ आयसीएमपीचे उत्तर पाहणारा ‘मधले सात राउटर बिघडले आहेत’ असे म्हणेल. तिन्ही उत्तरे एकत्र ठेवली की वेगळेच चित्र उभे राहते. नववा टप्पा दोन प्रकारांत दिसतो, म्हणजे मार्ग अखंड आहे. ही दोन्ही अंतिम उत्तरे, प्रतिध्वनी-उत्तर आणि सिन-ॲक, ज्याच्याकडे पॅकेट पाठविले होते त्याच्याकडूनच आलेली सरळ उत्तरे आहेत. जी उत्तरे हरवली ती सर्व आयसीएमपीचे त्रुटिसंदेश आहेत. त्यांत मधल्या टप्प्यांकडून आलेले प्रकार ११ चे संदेश आहेत आणि यूडीपीच्या बाबतीत अंतिम सर्व्हरने पाठविलेला प्रकार ३ चा संदेशही आहे. म्हणजेच वाटेत कोठे तरी एक अशी यंत्रणा आहे, जी सरळ उत्तरे सोडते आणि त्रुटिसंदेश अडविते.

ती यंत्रणा घरचाच राउटर आहे काय? शक्यता बरीच आहे, कारण सलग सात स्वतंत्र राउटर मौन पाळतील हे संभवत नाही आणि दुसऱ्या टप्प्यापासूनच सर्व संदेश हरवतात. तरीही एवढ्यावरून निर्णय देऊ नये. संगणकावरील फायरवॉलही असेच वागू शकते. तीत फरक इतकाच की, ती सहसा पहिल्या टप्प्याचा त्रुटिसंदेशही अडवील. येथे पहिला टप्पा दिसतो. पुरवठादाराकडील पत्तारूपांतर हीही एक शक्यता उरते. तथापि दोष तेथे असता तर तिच्या अलीकडचे, म्हणजे किमान दुसऱ्या टप्प्याचे उत्तर दिसण्याची अपेक्षा होती. राउटरच्या दोन्ही बाजूंचे निरीक्षण किंवा आयसीएमपीविषयीचा एकच पर्याय बदलून घेतलेला मार्गशोध या अनुमानावर शिक्कामोर्तब करतो.

७. सर्व आयसीएमपी अडविण्याची किंमत :

आयसीएमपी सरसकट अडविण्याच्या सवयीला इतिहास आहे. १९९६ मध्ये अवाजवी आकाराच्या पिंग पॅकेटांनी संगणक कोलमडत असल्याचे उघड झाले. १९९८ च्या सुमारास ‘स्मर्फ’ नावाच्या हल्ल्यात प्रतिध्वनी-उत्तरांचा पूर बळी ठरलेल्या संगणकावर सोडला जाई. त्या काळात ‘आयसीएमपी बंद’ हा सोपा उपाय वाटला. पुढे प्रणालींतील त्रुटी दूर झाल्या. ऑगस्ट १९९९ मधील आरएफसी २६४४ ने स्मर्फला वाव देणारी राउटरमधील मूळ मांडणीही बदलली. सवय मात्र राहून गेली.

मार्गशोध दिसत नाही एवढेच नुकसान असते तर ते सोसता आले असते. परंतु याच त्रुटिसंदेशांत ‘पॅकेट मोठे आहे, तुकडे करणे आवश्यक’ असा प्रकार ३, उपप्रकार ४ चा संदेशही असतो. नोव्हेंबर १९९० मधील आरएफसी ११९१ नुसार मार्गावरील सर्वांत लहान पॅकेट-मर्यादा शोधण्यासाठी संगणक या संदेशावर विसंबतो. इथरनेटची नेहमीची मर्यादा १५०० बाइट असते. पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत ती १४९२ होते. खासगी बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, ती आणखी घटते. घराबाहेरील अशा एखाद्या दुव्याने पाठविलेला संदेश घरच्या फायरवॉलने गिळला, तर मोठी पॅकेटे निमूटपणे नाहीशी होतात. परिणाम असा की, पिंग चालते, लहान पाने उघडतात, परवलीचा शब्दही स्वीकारला जातो. प्रबंधाची किंवा गुणपत्रकांची मोठी फाइल चढविताना मात्र ती मध्येच थांबून राहते आणि कारण कोणालाच सांगता येत नाही. सप्टेंबर २००० मधील आरएफसी २९२३ मध्ये या अवस्थेचे ‘कृष्णविवर’ या अर्थाच्या नावानेच वर्णन आहे.

म्हणून तारकांनी भरलेला मार्गशोध ही कधी कधी पूर्वसूचना ठरते. जी फायरवॉल कालमर्यादेचा संदेश अडविते, ती पॅकेट-मर्यादेचा संदेशही अडवीत असण्याचा संभव असतो.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. तेथे मधले राउटर पॅकेटांचे तुकडे करीतच नाहीत. त्यामुळे ‘पॅकेट फार मोठे’ हा संदेश (प्रकार २) पोहोचणे अत्यावश्यक असते. टीटीएलच्या जागी तेथे ‘हॉप लिमिट’ असून कालमर्यादेच्या संदेशाचा क्रमांक ३ आहे. मे २००७ मधील आरएफसी ४८९० ने फायरवॉलमधून कोणते संदेश अडवू नयेत याची स्पष्ट यादी दिली आहे व त्यात वरील संदेशांचा समावेश आहे. चौथ्या आवृत्तीसाठीही विवेकाची रीत हीच ठरते. बाहेरून आलेल्या अनाहूत विनंत्या हव्या तर अडवाव्यात, आपल्याच पॅकेटांविषयीचे त्रुटिसंदेश मात्र आत येऊ द्यावेत.

निष्कर्ष :

१. ट्रेसरूट मार्गाचे प्रत्यक्ष दर्शन घडवीत नाही. परत आलेल्या त्रुटिसंदेशांवरून ते मार्गाचे अनुमान करते. तारका ही उत्तराच्या अभावाची नोंद आहे, मार्गाच्या अभावाची नव्हे.

२. मधल्या टप्प्यांची उत्तरे ज्यांच्याशी संवाद केलेला नाही अशा पत्त्यांवरून येत असल्याने, अवतरण न वाचणारी फायरवॉल ती अडविते. संबंधित त्रुटिसंदेशांना परवानगी देणे हा यावरील योग्य उपाय होय.

३. यूडीपी, आयसीएमपी व टीसीपी या तीन प्रकारांच्या उत्तरांची तुलना केल्यास कोणत्या जातीचे संदेश हरवत आहेत हे कळते. एकाच प्रकारावरून काढलेला निष्कर्ष विश्वसनीय नसतो.

४. संगणक, घरचा राउटर, पुरवठादार आणि अंतिम सर्व्हर या चार जागा क्रमाने वगळत जाणे आणि एका वेळी एकच बदल करून नोंद ठेवणे, ही निदानाची शिस्त आहे.

५. सर्व आयसीएमपी अडविल्याने सुरक्षिततेत होणारी भर अल्प असते आणि मोठ्या पॅकेटांच्या वहनात येणारा अडथळा प्रत्यक्ष असतो.

समारोप :

घरगुती राउटरमागून केलेला मार्गशोध हा लहानसा प्रयोगच असतो. प्रयोगशाळेत उपकरणाच्या काट्याची हालचाल झाली नाही, तर राशी शून्य आहे की उपकरणच जोडलेले नाही, हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारला जातो. तोच प्रश्न येथेही विचारावा लागतो. सेवापुरवठादाराकडे तक्रार नोंदविण्यापूर्वी तीन प्रकारचे मार्गशोध, त्यांच्या वेळा आणि केलेल्या बदलांची नोंद तक्रारदाराच्या हाती असल्यास दोष कोणाच्या हद्दीत आहे याविषयीचा वाद बराच कमी होतो. दोष आपल्याच घरातील असल्याचे आढळले, तर तो बहुधा राउटरच्या व्यवस्थापन पानावरील एका खुणेने दूर होतो.